गाळ काढला, मासे आले नाहीत

गाळ उपसून झालेला तलाव पहिल्या दिवशी फार देखणा दिसतो. जेसीबीनं कापलेले सरळ कडे, मुरमाची लालसर जमीन, पाळीवर नवी माती, गेटला ताजा रंग. पहिल्या पावसात पाणी चढायला लागलं की गावातली माणसं मुद्दाम पाळीवर जाऊन बघून येतात. मग दोन-तीन हंगाम जातात. ढिवर, म्हणजे इथला मासेमारी करणारा समाज, जाळं टाकतो आणि जाळ्यात येतं ते मच्छीमार संस्थेनं विकत आणून सोडलेलं मत्स्यबीजच, थोडं मोठं झालेलं. मरळ नाही, शिंगी नाही, मागूर नाही. पाळीला लागून बेशरमीच्या झुडपांचं रान मात्र पुन्हा उभं.

हे प्रकरण गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्याचं आहे. तिथल्या ढिवरांच्या मच्छीमार संस्थांनी आणि 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' या संस्थेनं गेल्या दीड-दोन दशकांत काही तलाव वेगळ्या रीतीनं दुरुस्त केले. खोली वाढवण्यापासून सुरुवात न करता त्यांनी पाण्याखाली काय उगवायला हवं, तिथून सुरुवात केली. हे त्यांना सुचलं कारण तलावाच्या तळाशी काय असतं हे पिढ्यानपिढ्या ज्यांच्या पायांना आणि हातांना कळत आलं, ती माणसं या कामात विचारविनिमयापुरती नव्हती, निर्णय घ्यायला बसलेली होती. माझं आजोळ साकोलीकडचं. तलाव बघतच मी मोठा झालो, तरी तळाशी नांगर घालून पाणवनस्पती लावायच्या असतात हे मला या कामातूनच समजलं.

आधी तलाव कुठून आले ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात सहा ते सात हजार जुने तलाव आहेत. पाऊस चांगला पडतो, वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास, पण बहुतेक सगळा चार महिन्यांत. पीक धानाचं. रोवणीनंतर पावसानं ओढ दिली किंवा लोंबी भरायच्या वेळी आठ-दहा दिवस कोरडे गेले तर वर्षभराची मेहनत गेली. त्या एका पाण्यासाठी हे तलाव बांधले गेले. बांधणारा मुख्यतः कोहळी समाज. गोंड राजानं त्यांना काशीकडून आणलं अशी आख्यायिका आहे. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याला, त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन द्यायची पद्धत पाडली. या संदर्भात हिरशहा राजाचं नाव घेतलं जातं. अशा जमिनीला 'तुकूम' म्हणत. चंद्रपूर शहरातला तुकूम भाग आज सगळ्यांना माहीत आहे, त्या नावाचं मूळ या तलावांच्या व्यवहारात आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

या पद्धतीत एक खुबी होती. जमीन किती मिळणार हे तलाव किती चांगला बांधला त्यावर ठरणार. त्यामुळे कोहळ्यांची नजर उतारावर बसली. लेव्हल मशीन नव्हतं, नकाशा नव्हता. पावसाळ्यात पाणी कसं धावतं ते बघून दोन टेकड्यांच्या मधली जागा हेरायची आणि मातीची पाळ घालायची. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात, त्याच्या खाली बोड्या, म्हणजे छोटी तळी, बोड्यांच्या खाली धानाच्या बांध्या. एका तलावातून सुटलेलं पाणी वाया जात नसे, ते दुसऱ्याच्या पोटात जाई. नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय याच परंपरेतला. तो बांधणारा कोलू पाटील कोहळी पुढे 'कोलासुर' म्हणून देव झाला आणि तलावाच्या काठी पुजला गेला. बांधकाम करणाऱ्याला देवपण देणारी गावं मला फारशी कुठे आढळली नाहीत.

इंग्रजांच्या काळात, १८६० नंतरच्या जमीन महसुलाच्या बंदोबस्तात, गावांची मालकी मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्यांना, मिळाली आणि तलावही त्यांचे झाले. गावकऱ्यांचे हक्क मात्र 'वाजिब-उल-अर्ज' या गावदस्तात नोंदले जात. कोणी किती पाणी घ्यायचं, गुरं कुठे पाजायची, पाळ दुरुस्तीला कोणी किती दिवस यायचं, हे सगळं निस्तार हक्कांमध्ये मोडत होतं. मी मालगुजारीचं गुणगान करत नाही. ती जमीनदारीच होती. वेठ होती, जातीची उतरंड होती, आणि ढिवर त्या उतरंडीत तळाशी होते. पण तलाव बिघडला तर कोणाकडे जायचं आणि पाळीवर माती टाकायला कोणी यायचं, हे गावातल्या पोरालाही माहीत असे.

३१ मार्च १९५१ ला ते संपलं. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता. मालकी हक्क निर्मूलनाच्या १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे राज्यं बदलली, महाराष्ट्र झाला, जिल्हा परिषदा आल्या. शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन असलेले तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधाऱ्याकडे गेले. मासळीचा विषय मत्स्यव्यवसाय खात्याचा, बुडीत जमिनीचा विषय महसूलचा. कागदावर नाव पडलं 'माजी मालगुजारी तलाव', आणि बोलताना 'मामा तलाव'. एका तलावाचे इतके तुकडे झाले की पाळ फुटली तर एक दार, मासे मेले तर दुसरं दार, आणि आटलेल्या पोटात कोणी शेती सुरू केली तर तिसरं. पाणीपट्टी आणि जुना निस्तार हक्क यांवरून वाद झाले ते वेगळेच. मधल्या काळात मोठ्या धरणांचे दिवस आले. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाला १९८३ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. खर्च कित्येक पटींनी वाढला, नहरांची कामं दशकानुदशकं चालली, आणि तोवर धानाला शेवटचं पाणी याच जुन्या, दुर्लक्षित तलावांतून मिळत राहिलं.

इथवर शेतकऱ्याची आणि कोहळ्याची गोष्ट झाली. मामा तलावांवर जे थोडंफार लिहिलं जातं ते बहुतेक इथेच थांबतं: बांधकामाचं कौशल्य, पाणी वाटपाची पद्धत, वाताहत. पाळीच्या आतल्या बाजूची, पाण्याखालची गोष्ट ढिवरांची आहे आणि ती लिहिली गेली नाही. ढिवर बहुतेक भूमिहीन. त्यांना तलावाखालची जमीन मिळाली नाही, मिळाला तो तलाव. मासे, शिंगाडे, कमळाचे कंद आणि देठ. पाण्यात उतरून, गाळात पाय रोवून, डोंग्यातून वाकून त्यांनी जे ओळखलं त्याला कोणी ज्ञान म्हटलं नाही, कारण ते धंद्याचा भाग होतं आणि धंदा खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीचा होता. बायका घरी आणलेल्या माशांची निवड करत, बाजारात बसत, पाणथळातली भाजी खुडत. कोणत्या महिन्यात कोणता मासा गाभोळीला आलेला असतो हे पुरुषांइतकंच, कधी जास्त, त्यांना माहीत असे.

आता मासळी का गेली ते बघू.

१० जुलै १९५७ ला ओडिशात हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कटला-रोहूच्या जातीच्या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं. फार मोठी गोष्ट होती ती. हे मासे मुळात वाहत्या नदीचे. साठलेल्या तलावात आपसूक विणत नाहीत. इंजेक्शनमुळे बीज हवं तेवढं, हवं तेव्हा तयार करता आलं आणि देशाचं मासळी उत्पादन वाढलं. त्याबद्दल तक्रार करणं कृतघ्नपणाचं होईल. तक्रार आहे ती पुढच्या पायरीबद्दल. कटला, रोहू, मृगळ यांच्या जोडीला गवत्या, चंदेरा आणि सायप्रिनस हे परदेशी मासे आले आणि सगळ्या तलावांना एकच पुस्तक लागू झालं. त्या पुस्तकात तयारीच्या पहिल्या पायऱ्या अशा: तलावातल्या वनस्पती काढून टाका, नको असलेले मासे काढून टाका. नको असलेले म्हणजे कोण? मरळ, मागूर, शिंगी, आणि ज्यांना बाजारात भाव नाही ते सगळे बारीक मासे. संगोपनाच्या तळ्यांत त्यांना मारायला मोहाची पेंड घालायची शिफारस असते. ज्या मोहाच्या झाडाखाली इथली माणसं फुलं वेचतात त्याच झाडाच्या बियांची ती पेंड.

पुस्तक चुकीचं नव्हतं. ते एका छोट्या, बांधीव, दरवर्षी रिकाम्या करता येणाऱ्या तळ्यासाठी लिहिलेलं होतं. शेकडो वर्षं जुन्या, जंगलाचं पाणी येणाऱ्या, उथळ काठाच्या तलावाला ते लावलं गेलं. गवत्या मासा नावाप्रमाणे पाणगवत खातो. सायप्रिनस तळ उकरत फिरतो, त्यानं पाणी गढूळ राहतं, ऊन खाली पोचत नाही, उरलेल्या वनस्पतीही तगत नाहीत. वनस्पती गेल्या की त्यांच्या पानांवर वाढणारे किडे-शेवाळ गेलं, अंडी चिकटवायची जागा गेली, पिल्लांची लपायची जागा गेली. बांध्यांमधून फवारणीचं आणि खतांचं पाणी उतरायला लागलं ते त्याच सुमाराला. आणि संस्थेला दर पावसाळ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत घ्यावी लागणार, कारण कटला-रोहू तिथे विणणार नाहीत. देशी मासा दरवर्षी आपणहून येत होता, फुकट. त्याच्या जागी असा मासा आला ज्याच्या बियाण्यासाठी दरवर्षी पैसे मोजायचे. पूर्वी घरच्या बियाण्यावर पेरणारा शेतकरी दर हंगामाला दुकानात जायला लागला, तसंच हे झालं.

मग बेशरम. ही झुडूपवजा वेल दक्षिण अमेरिकेची, जांभळट-गुलाबी फुलांची. गुरं तिला तोंड लावत नाहीत, तोडली तर फांदीचा तुकडा चिखलात पडला की तिथून नवी फुटते. म्हणून तर नाव बेशरम. तलावाचा उथळ काठ तिनं व्यापला की तिथे दुसरं काही उगवत नाही. आणि उथळ काठ हाच तर माशांच्या विणीचा भाग.

या टप्प्यावर मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळातले कार्यकर्ते ढिवरांबरोबर बसले. त्यांचा पहिला प्रश्न साधा होता: पूर्वी कोणते मासे मिळायचे आणि ते तलावात कुठे मिळायचे? यादी सुरू झाली आणि ती माशांची राहिलीच नाही. प्रत्येक माशाबरोबर एक वनस्पती येत गेली. हा मासा अमक्या गवताच्या मुळाशी बसतो. तो तमक्या पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालतो. हा पाणी चढलं की बांध्यांकडे जातो आणि उतरताना सापडतो. मग तलावात जाऊन त्या वनस्पती शोधल्या, ओळखून घेतल्या, त्यांची शास्त्रीय नावं लावली. ढिवरी बोलीतली नावं आणि लॅटिन नावं शेजारी-शेजारी लिहिली गेली. अभ्यासकाला वनस्पतीचं कूळ माहीत होतं, ढिवराला तिच्याखाली कोण राहतं ते माहीत होतं. दोन्ही माहिती एका कागदावर आली तेव्हा तलावाचा तळ पहिल्यांदा बाहेरच्या माणसाला दिसला.

तो तळ ढोबळ मानानं तीन थरांत वाचता येतो. पूर्ण बुडालेल्या वनस्पती, म्हणजे हायड्रिला, सेराटोफायलम, व्हॅलिस्नेरिया. त्या पाण्यात प्राणवायू सोडतात आणि पिल्लांना आडोसा देतात. मग मुळं तळाशी आणि पानं पृष्ठभागावर अशा कुमुदिनीच्या जाती. त्यांची सावली पाणी थंड ठेवते, पानांच्या खाली गोगलगायी आणि माशांची अंडी, पानांवर कमळपक्ष्याची चालण्याची वाट. तिसरा थर काठाचा, लव्हाळ्यासारखी गवतं आणि देवधान. देवधान हा रानटी धान, आपोआप उगवणारा, आपोआप झडणारा. त्याच्या ताटांमध्ये पहिल्या पावसाचं कोमट, उथळ पाणी साचतं आणि बहुतेक देशी माशांची वीण तिथे होते.

मरळीचं उदाहरण देतो, कारण ते डोळ्यांनी बघता येतं. पावसाळ्यात शांत सकाळी तलावाच्या काठालगत पाण्यावर केशरी रंगाचा एक गोळा हलताना दिसतो, साधारण परातीएवढा. फूल तुटून तरंगतंय असं वाटतं. तो मरळीच्या पिल्लांचा थवा असतो, आणि त्याच्या बरोबर खाली आई-बाप असतात, एखाद्या काठीसारखे स्थिर. गोळा सरकला की ते सरकतात. एवढ्या जवळ असलेली मरळ मारणं अगदी सोपं. जुनी ढिवर माणसं त्या दिवसांत ती मारू देत नसत, कारण आई-बाप गेले की दुपारपर्यंत पिल्लं दुसऱ्याच्या पोटात जातात. या राखणीची गोष्ट मत्स्यशास्त्राच्या पुस्तकातही आहे. फरक एवढाच की पुस्तकात ती मरळीच्या प्रकरणात आहे, आणि ढिवरांकडे ती जाळं कधी टाकायचं या नियमात होती.

प्रत्यक्ष काम उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर. आधी बेशरम मुळासकट उपटून काढायची. तुकडा राहता कामा नये, नाहीतर पावसात पहिल्यापेक्षा दाट येते. नंतर तळाच्या उघड्या भागात नांगर. गुरांच्या खुरांनी आणि उन्हानं तळ घट्ट झालेला असतो, त्यात बारीक मुळं शिरत नाहीत. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तलावात नांगर ही कल्पनाच पचली नाही. पण धानाच्या बांधीत चिखलणी का करतात, हे ज्याला माहीत आहे त्याला कोणी समजावून सांगायला नको. त्यानंतर ज्या तलावात अजून चांगल्या वनस्पती शिल्लक आहेत तिथून त्या आणायच्या, ओल्या ठेवून, वाळू न देता, आणि तळाच्या चिखलात लावायच्या. काठाला काठाच्या, खोलीला खोलीच्या. वाकून, पेंढीतून चार-चार काड्या सोडवून, अंगठ्यानं चिखलात दाबत मागे सरकत जायचं. रोवणी करणाऱ्या बायांना हे शिकवायला लागत नाही. लावलेल्या भागात गवत्या आणि सायप्रिनस सोडायचे नाहीत, आणि विणीच्या दिवसांत तिथे जाळं नाही, हे संस्थेनं आपसात ठरवायचं.

पैसा थोडा लागतो. वेळ आणि एकमत फार लागतं. संस्थेतल्या सगळ्यांना पटलं नव्हतं. कटला-रोहूचं गणित समोर दिसतं. इतकं बीज, इतके महिने, इतके किलो. वनस्पती लावून मासे येतील याचं गणित मांडून दाखवता येत नाही, ते बघावं लागतं. तडजोड अशी निघाली की कटला, रोहू, मृगळ सोडायचं बंद करायचं नाही, वनस्पती मोडणारे परदेशी मासे मात्र थांबवायचे. मला ही तडजोड शहाणपणाची वाटते. देशी ते सगळं शुद्ध आणि बाहेरचं ते सगळं घातक, अशा हट्टानं काम केलं असतं तर पोट भरणारी माणसंच दूर गेली असती.

पुढच्या हंगामांत वनस्पती पसरल्या तिथे देशी मासे पुन्हा दिसायला लागले. सोडावे लागले नाहीत. काही गाळात तग धरून होते, काही पावसाळ्यात नाल्या-बांध्यांमधून चढून आले. कोहळ्यांनी तलाव एकमेकांना जोडले होते ते माशांच्याही कामी आलं. बाजारात जिवंत मरळीला कटल्यापेक्षा बराच चढा भाव मिळतो. बारीक मासे विकले जात नाहीत, पण ते ढिवरांच्या घरी काट्या-डोक्यासकट खाल्ले जातात, आणि पोराबाळांना कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व त्यातूनच मिळतं. तराजूवर संस्थेचं उत्पादन मोजताना हे बारीक मासे कुठेच येत नाहीत. पक्षी परतले. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया आणि थोडाफार भंडारा जिल्ह्यात उरला आहे; त्याला हाच उथळ काठ, हेच कंद आणि हाच देवधान लागतो. सारस वाचवायच्या बैठका होतात त्यात तलावाच्या काठाचं गवत हा विषय पहिला असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. ढिवरांकडे सगळी उत्तरं तयार नव्हती. बेशरम त्यांच्या आज्याच्या काळात नव्हती, गवत्या मासा नव्हता, कीटकनाशक नव्हतं. यावरचा उपाय परंपरेत शोधून सापडणारच नव्हता. तलावातला नांगर आणि एका तलावातून दुसऱ्यात वनस्पतींची लावण, या गोष्टी आज्यानं सांगितलेल्या नाहीत. त्या या माणसांनी आताच्या अडचणीसमोर, जुन्या ओळखीच्या आधारानं, करून बघत शोधल्या. पहिल्या वर्षी लावलेलं काही सडलं, काही गुरांनी खाल्लं, काही ठिकाणी हायड्रिला एवढा माजला की तो कमी करावा लागला. पारंपरिक ज्ञान म्हटलं की आपण पेटीत ठेवलेला जुना दागिना डोळ्यांपुढे आणतो. अर्जुनी मोरगावात जे बघायला मिळतं ते नजर आहे. नजर असलेल्या माणसाला नवी अडचण आली तर काय बघायचं ते कळतं. शासन ज्ञानाची नोंद करायला निघालं की माशांची आणि वनस्पतींची नावं लिहून घेतं. उपयोगी आहे ते, पण ढिवराची पोरं तलाव सोडून हैदराबादला कामाला गेली तर ती यादी वाचून तलावात उतरणार कोण?

आणि उतरायचा हक्क कोणाचा? तलावातल्या मासेमारीचा ठेका संपला, दुसऱ्याला गेला, तर ज्यानं तीन वर्षं वनस्पती जोपासल्या त्याच्या हाती काय राहतं? पुढचा ठेकेदार एका उन्हाळ्यात तळ साफ करून गवत्या सोडू शकतो. या भागातल्या ढिवर बायांचे गट तलावाच्या कामात आणि ग्रामसभेत पुढे यायला लागले ते याच प्रश्नावरून. तलावाचं काम म्हणजे मासेमारी, मासेमारी म्हणजे संस्था, आणि संस्थेच्या सभासद-यादीत बहुतेक पुरुषांची नावं. या साखळीत बायांचं ज्ञान दोनदा अदृश्य होत आलं, एकदा जातीमुळे आणि एकदा बाई म्हणून.

आता परत गाळाकडे येतो. २०१७ पासून राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. गाळ काढायलाच हवा. शेतात टाकलेला गाळ चांगला, तलावात साठलेला अडचणीचा. पण मामा तलावात यंत्र उतरवताना काही गोष्टी बघितल्या जात नाहीत. काठ सरळ कापला की उथळ पाणी संपतं. देवधान, लव्हाळी, वीण सगळं गेलं. तळाचा जुना चिकण थर फोडून यंत्र मुरमाला लागलं की पाणी झिरपतं आणि मार्चमध्येच तलाव कोरडा पडतो. वरची माती उचलली की वनस्पतींचं बी आणि कंद ट्रॉलीत बसून शेतात जातात. शेतकरी त्यांना तण म्हणून उपटतो. यावर उपाय अवघड नाही. गाळ तळाच्या मधल्या भागातून काढा, काठाचा उतार ठेवा, वनस्पती असलेला एक तुकडा हात न लावता सोडा, आणि यंत्र उतरायच्या आधी तिथे जाळं टाकणाऱ्या माणसाला एकदा सोबत घेऊन फिरा. एका सकाळचं काम आहे ते.

अडतं ते वेगळ्याच जागी. तलाव दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात गाळ घनमीटरमध्ये आहे, पाळीचं दगडी पिचिंग आहे, गेट आहे, नहराचं अस्तरीकरण आहे. मोजमाप पुस्तकात या सगळ्याला रकाना आहे, दर आहे. बेशरम मुळासकट काढण्याचं काम रोजगार हमीत बसवता येतं, तिथवर मजल गेली आहे. चिखलात वाकून व्हॅलिस्नेरियाच्या काड्या रोवणाऱ्या बाईची दिवसाची मजुरी कोणत्या बाबीखाली लावायची, यावर लघु पाटबंधारे म्हणतं तो मत्स्यव्यवसायाचा विषय, मत्स्यव्यवसाय म्हणतं आमच्या यादीत वनस्पती काढण्याला दर आहे, लावण्याला नाही.